मी एकच टेबल आहे

होय मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. प्रार्थनाघराच्या मागच्या जेवणाच्या खोलीत मी उभा आहे. अंगावर गरम भांड्यांचे डाग आहेत, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे आणि पोटाखालच्या लोखंडी कड्या गंजून लाल झाल्या आहेत. आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की बहुतेक रडगाणंच गातात. मी गाणार नाही. माझ्यासोबत जे केलं गेलं ते चूक होतं, आणि मी ते सगळ्यांच्या तोंडावर सांगणार आहे. ऐकायचं असेल तर बसा. बसायला मोप जागा आहे.

मला एका सुताराने घडवलं. सगळे त्याला सुतारकाका म्हणायचे. अख्ख्या मंडळीला, म्हणजे इथे उपासनेला येणाऱ्या सगळ्या ख्रिस्ती माणसांना, एकत्र जेवता यावं एवढं लांब टेबल त्यांना करायचं होतं. पण खोलीचं दार अरुंद, वळण त्याहून अरुंद. एवढं लांब धूड आत येणार कसं? मग सुतारकाकांनी माझे दोन भाग केले. मोठ्या भागाला चार पाय दिले. छोट्या भागाला फक्त बाहेरच्या टोकाला दोन पाय, आणि त्याची आतली कड मोठ्या भागाच्या खांद्यावर टेकवलेली. खालून दोन कड्या अडकवल्या की झालं एक टेबल. छोट्या भागाला एक खणही केला. त्यात डाव, चमचे, पाव कापायची सुरी, आणि कापडात गुंडाळून ठेवलेला प्रभुभोजनाचा प्याला. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि आमच्या मंडळीत तो माझ्याभोवती बसूनच करायची पद्धत. पाव फिरायचा, मग एकच प्याला हातोहात सगळ्यांकडे जायचा. दर तीन महिन्यांनी तो दिवस यायचा, आणि माझी छाती फुगायची.

मग तापाची साथ आली. काही जण म्हणाले, सगळ्यांनी एकाच प्याल्याला तोंड लावू नये, प्रत्येकाला छोटा प्याला द्यावा. काही जण म्हणाले, प्रभूने एकच प्याला दिला, आम्हीही एकच घेणार. साथ ओसरली, भांडण मात्र ओसरेना. शेवटी छोट्या प्याल्यांची माणसं उठली आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांनी आपली वेगळी मंडळी थाटली. सुतारकाका त्यांच्याबरोबर गेले. जाताना त्यांनी माझ्यावर एकदा हात फिरवला आणि दार ओढून घेतलं. एका देवाची लेकरं, आणि प्याल्यांवरून घर फुटलं! मला विचारलं असतं तर मी दोन्ही प्रकारचे प्याले अंगावर घेतले असते. पण टेबलाला कोण विचारतो?

आता तीन माणसांची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यातच घडलं. पहिले हेडमास्तर. शाळेत हेडमास्तर आणि मंडळीत पंचांचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण नियम म्हटला की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. दुसरी त्यांची धाकटी बहीण. ती नर्स होती. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, मग तो अलीकडचा असो की पलीकडचा. आणि तिसरी त्या दोघांची आई, सगळ्यांची आजी. आजीची जागा ठरलेली, अगदी माझ्या जोडावर. एका हाताला मुलगा, दुसऱ्या हाताला मुलगी. संधिवाताने तिची बोटं आखडली होती. पाव मोडता यायचा नाही, भात कालवता यायचा नाही. ते सगळं नर्स करून द्यायची, गप्पा मारता मारता, कुणाच्या लक्षातही येऊ न देता.

सुतारकाका शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची सेवा नर्सनेच केली. एके दिवशी पलीकडच्या मंडळीचे पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, त्यांना प्रभुभोजन द्यायला आले. काकांनी घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तूपण घे." तिने घेतलं. दोन दिवसांनी काका गेले. आणि कुणीतरी चोंबड्याने ही बातमी आमच्या पंचांपर्यंत पोहोचवली.

चौकशी माझ्याभोवतीच झाली. हेडमास्तर माझ्या टोकाशी बसलेले, बहीण समोर उभी.

"तू पलीकडच्यांचा प्याला घेतलास?"

"घेतला."

"का?"

"सुतारकाका मरायला टेकले होते, दादा. त्यांनी प्रेमाने घे म्हटलं, मी घेतला."

"इथे दादा म्हणू नकोस."

"बरं. घेतला, हेडमास्तर."

"चुकलं म्हण. विषय संपला."

"चुकलं असतं तर म्हटलं असतं," ती म्हणाली. "उद्या पुन्हा कुणी दिला तर पुन्हा घेईन."

वा गं पोरी! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात कुठले? पंचांनी मात्र तिला वाळीत टाकलं. ते वाळीत म्हणाले नाहीत, मंडळीची शिस्त म्हणाले. ती सगळ्यांसमोर माफी मागत नाही तोवर कुणी तिच्यासोबत एका टेबलावर जेवायचं नाही आणि तिच्या हातचं काही घ्यायचं नाही. आमचे पाळक बिचारे मवाळ, ते खाली मान घालून बसले.

मित्रांनो, पंचांना वाटलं होतं, बाई लाजेने घरी बसेल. कसली बसते! पुढच्या रविवारी उपासना संपली आणि ती नेहमीसारखी जेवणाच्या खोलीत आली, आपला डबा घेऊन आपल्या जागेवर बसली. म्हणजे माझ्या छोट्या भागाशी. आता आली का पंचाईत! तिला उठवायचं म्हणजे हाताला धरावं लागणार, आणि सगळ्यांनी दुसरीकडे बसायचं तर दुसरं टेबल नाही. तेवढ्यात एक पंच, जे धंद्याने शिंपी होते, वाकून म्हणाले, "अहो, हे टेबल सुटतं की!"

आणि त्यांनी मला सोडलं. खट्, खट्, दोन्ही कड्या निघाल्या. माझा छोटा भाग हातभर लांब ओढला. त्याच्या आतल्या कडेला पाय नाहीत हे तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, म्हणून खाली एक लाकडी खोका सरकवला. खोका जरा बुटका होता, त्यामुळे माझा तो भाग तिरका झाला. हेडमास्तर समाधानाने म्हणाले, "आता टेबलं दोन झाली." शिंप्याने कापड फाडावं तसं त्यांनी मला फाडलं आणि वर मलाच सांगतात दोन झाली! अहो, तिच्या ताटाखाली मी होतो आणि तुमच्या ताटाखालीही मीच होतो. तुम्ही तिच्यासोबतच जेवत होता. फक्त तिच्याकडे बघत नव्हता.

मग काय झालं ऐका. वाढायला डाव पाहिजेत, आणि डाव खणात. खण तिच्या बाजूला. एकाने धीर करून खण ओढला, तर तो ढिम्म हलेना. तिरका झालेला सांगाडा खणाला घट्ट धरून बसला होता. सांगाड्याचं नाव घेतो, पण खरं सांगू? मीच धरून बसलो होतो. त्या दिवशी मंडळीने चहाच्या कपांनी रस्सा वाढून घेतला. पुढच्या आठवड्यात नवे डाव आणले आणि खणाचा विषय सगळे विसरून गेले.

आजी मात्र काही विसरली नाही. तिची जागा जोडावर, आणि जोडच उरला नव्हता. तिने खुर्ची ओढली ती थेट मधल्या मोकळ्या जागेत, आणि ताट मांडीवर घेऊन बसली.

"आई, इकडे टेबलाशी ये," हेडमास्तर म्हणाले.

"मी कुठल्याच टेबलाशी नाही. तुझा नियम मोडत नाहीये मी. जेव तू."

पण नर्सच्या हातचं घ्यायचं नाही, हा नियम आजीलाही होताच. नर्सने पाव मोडून पुढे केला की सगळ्या खोलीच्या नजरा तिच्या हातावर खिळायच्या. मग ती हात मागे घ्यायची. आईकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून. हेडमास्तर पाव मोडायला वाकले तर आजीने ताट बाजूला केलं. "तिच्या हातचं चालत नाही ना? मग तुझ्याही हातचं नको." आखडलेल्या बोटांनी ती पावाशी झटत राहायची. अर्धं खाली सांडायचं. घरीही रोज हेच चालायचं म्हणे. आठवड्यामागून आठवडे गेले आणि आजी डोळ्यांदेखत वाळत चालली. माझ्या लाकडाला तडा जाईल असं वाटायचं मला. एवढे पंच बसलेत, एवढी प्रार्थना म्हणतात, आणि एका म्हातारीच्या पोटात अन्न जात नाही हे कुणालाच दिसू नये? शिस्त म्हणे! चुलीत घाला तसली शिस्त.

होता होता प्रभुभोजनाचा रविवार आला. सकाळी पाळक पाव घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, "प्याला कुठे आहे?"

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. प्याला खणात होता, आणि खण माझ्या मुठीत.

हेडमास्तरांनी जोर लावून ओढलं. शिंप्याने ओढलं. दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा खणाची दांडी उपटून हातात आली आणि शिंपी मागे जाऊन पडला. कुणीतरी हळूच म्हणालं, "पलीकडून छोटे प्याले मागून आणू या का?" हेडमास्तर असे काही लाल झाले की विचारणारा खांबाआड गेला. ज्या प्याल्यासाठी मंडळी फोडली, तोच अडकलेला! शेवटी पाळकच म्हणाले, "टेबल जोडून बघा. सरळ झालं तर उघडेल."

मला जोडलं. खट्, खट्. माझी कड माझ्या खांद्यावर टेकली आणि किती दिवसांनी मला बरं वाटलं म्हणून सांगू! मी मूठ सोडली. खण अलगद बाहेर आला. हेडमास्तरांनी प्याला काढून पाळकांच्या हातात दिला आणि कड्या सोडायला ते लगेच खाली वाकले.

धप्प! नर्सने आपली पिशवी माझ्यावर ठेवली आणि ती आपल्या जागेवर बसली. तिच्यामागून आजी आली. खुर्ची ओढून जोडावर बसली आणि दोन्ही आखडलेले हात तिने जोडावर पसरून ठेवले.

"काढ आता कडी," ती मुलाला म्हणाली. "माझे हात टेबलावर आहेत. ते बाजूला करून काढ."

"आई, नियम आहे..."

"नियम तू केलास. तुम्हा दोघांना मी केलंय. एकाच ताटातून भरवलंय."

हेडमास्तर खाली वाकलेले, हात कडीवर. कडीवरची त्यांची पकड हळूहळू सैल झाली, ते फक्त मला ठाऊक आहे. मग ते उठले आणि आपल्या खुर्चीवर बसले.

पाळकांनी प्रार्थना केली. पाव फिरला, मग प्याला निघाला. हेडमास्तरांनी घेतला, आईपुढे धरला. आजीला तो धरवेना. तिने मुलाकडे बघितलं नाही, लेकीकडे तोंड केलं. नर्सने प्याला हातात घेऊन आईच्या ओठांना लावला. मग स्वतःच्या लावला. तिच्यापलीकडे कुणी बसलं नव्हतं, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला, आणि प्याला तिकडे जायचा म्हणजे तो पुन्हा हेडमास्तरांच्याच हातून जाणार होता. तिने हात लांब केला. प्याला माझ्या जोडाच्या वर, हवेत थांबला.

"दादा," ती म्हणाली, "मी माफी मागणार नाही."

हेडमास्तरांनी हात पुढे केला. "कुणी मागितलीय? प्याला दे इकडे."

आणि त्यांनी तिच्या हातून प्याला घेतला. त्या दिवशी नर्सने आईला पाव मोडून दिला आणि आजी पोटभर जेवली.

पंचांनी पुढे कधी काही जाहीर केलं नाही. चुकलो म्हणायला माणसांना फार जड जातं. पलीकडची मंडळी अजून पलीकडेच आहे. त्यांचं टेबलही सुतारकाकांनीच केलंय म्हणे, म्हणजे रस्त्यापलीकडे माझा सख्खा भाऊ उभा आहे. नर्स दोघांवरही जेवते. तिला विचारायची आता कुणाची टाप नाही.

मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी कुणी सांगेल, अमक्याच्या शेजारी बसू नकोस, तमक्याच्या हातचं खाऊ नकोस. तेव्हा त्याच्याच शेजारी जाऊन बसा. आणि कधी इथे आलात, माझी काळजी घ्यावीशी वाटली, तर मला ओल्या फडक्याने पुसा, पायाखालचा पुठ्ठा बदला, वाटलं तर रंगही द्या. पण माझ्या कड्यांना तेल घालू नका. त्या गंजून पक्क्या बसल्या आहेत, आणि मला त्या तशाच हव्या आहेत.