विठ्ठलअण्णांच्या तोंडचं वाक्य

प्राणेशनं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “अंकल, हा कोट मस्त झालाय. फक्त त्यांचं ओके आणा. बाराला रिलीज पाठवायचंय.”

साडेनऊ वाजले होते. जे. पी. नगरमधल्या आमच्या लहानशा ऑफिसात अजून तिसरं कोणी आलं नव्हतं. ती ओळ मी लिहिली होती, शहरातल्या चिकपेट बाजारातले साडीव्यापारी विठ्ठलराव यांच्या नावे: ‘माझ्या दुकानातल्या प्रत्येक साडीची नोंद आता ब्लॉकचेनवर आहे. मी स्वतः खात्री करून घेतली आहे. आपल्या लोकांनी निर्धास्तपणे यात यावं.’

विठ्ठलराव यातलं एक अक्षरही बोलले नव्हते.

प्रसिद्धिपत्रकांत असंच चालतं. लिहिणारा वाक्य लिहितो आणि ज्याच्या नावे ते जायचं तो मान डोलावतो. एका कारखान्याच्या जनसंपर्क खात्यात चौतीस वर्षं मी अशीच वाक्यं साहेबांच्या तोंडी घातली. निवृत्तीनंतर प्राणेशच्या प्रसिद्धी-एजन्सीत क्रिप्टो कंपन्यांची मराठी आणि कन्नड पत्रकं लिहायला लागलो. ब्लॉकचेन म्हणजे एकच वही हजार जणांकडे असते, म्हणून कोणा एकट्याला त्यातलं खोडता येत नाही, असं त्यानं मला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा मी कळलं म्हणालो.

या वेळची कंपनी ‘पदर’ नावाचं कॉइन, म्हणजे डिजिटल नाणं, काढत होती. साडीवरचं लेबल मोबाइलनं टिपलं की विणकराचं नाव आणि गाव दिसणार होतं. लोकांनी पैसे गुंतवून विकत घ्यायचं ते कॉइन वेगळं. पहिल्या मसुद्यात कंपनीच्या मालकाचं वाक्य होतं आणि त्यात ‘क्रांतिकारी’ हा शब्द दोनदा. मीच सुचवलं, की या धंद्यातल्या माणसांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, बाजारातलं एखादं जुनं माणूस बोलू दे. माझी सूचना बैठकीत मान्य होण्याची माझ्या आठवणीतली ती पहिलीच वेळ. त्या भरात विठ्ठलरावांचं नावही मीच दिलं.

निघताना मी प्राणेशला विचारलं, खरोखर किती साड्यांची नोंद झालीय.

“फोटोसाठी केल्या ना चार. बाकीच्या लाँचनंतर होतील. सगळे असंच लिहितात, अंकल.”

मसुद्याचा कागद पिशवीत टाकून मी मान डोलावली. ते मला चांगलं जमतं.

मेट्रोतून उतरून दुकानात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. विठ्ठलराव माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, लहानपणी एकाच गल्लीत राहिलेले. मी त्यांना विठ्ठलअण्णा म्हणतो. आमच्या इथल्या मराठी लोकांत लग्नाचा बस्ता असो की मुलीचं स्थळ, ‘विठ्ठलराव काय म्हणाले?’ हे आधी विचारतात. मी कागद काढून वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

“कसं लिहिलायस की, नागण्णा. मला असलं बोलायला जमलंच नाही कधी.” त्यांचा चेहरा फुलला होता. “सरी. पाठव जा.”

मला हवा होता तो होकाराचा शब्द मिळाला होता. खिशात फोन थरथरला. प्राणेशचं ‘झालं का?’ आलं होतं. मी उठलो.

“अक्काला कालच सांगितलं, माझं नाव पेपरात येतंय म्हणून,” ते म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची विधवा बहीण, सकवारबाई. “बँकेतलं काढून ह्यातच घालते म्हणाली.”

मी पुन्हा बसलो.

“अण्णा, तुमच्या चारच साड्यांची नोंद झालीय.”

“चार? मग ह्यात प्रत्येक म्हणालास की.”

“ते मी लिहिलं.”

“का रे?”

“वाक्य चांगलं व्हावं म्हणून.”

मघाच्या गिऱ्हाइकापुढे उलगडलेली साडी अण्णांनी हळूहळू घडी घालून ठेवली. मग म्हणाले, “आता मी सांगतो ते लिही.”

मी लिहिलं: ‘साडी हातात घेतली की ती कुठली ते मी सांगतो. हे यंत्र काय सांगतंय ते मला अजून कळलेलं नाही. कळल्यावर बोलेन.’ त्यात मी माझा एक शब्दही घातला नाही. अकरा वीसला ते प्राणेशला पाठवलं.

त्याचा लगेच फोन आला. तो रागावला नव्हता, दमल्यासारखा बोलत होता. असला कोट टाकून कोण कॉइन घेणार, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, टाकू नकोस, पण जुनं वाक्य विठ्ठलअण्णांच्या नावे जाता कामा नये.

“सरी, अंकल. त्यांचं नाव काढतो.”

अण्णांनी कॉफी मागवली.

बारा वाजून चार मिनिटांनी पत्रकाची प्रत माझ्या फोनवर आली. वाक्य जवळजवळ तसंच होतं. ‘माझ्या दुकानातल्या’ऐवजी ‘चिकपेटमधल्या’ झालं होतं. खाली नाव होतं: नागोजीराव लाड, समाजातील ज्येष्ठ लेखक.

चौतीस वर्षांत मी लिहून दिलेल्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. लेखक. शिवाय मला ओळखतं कोण? माझ्या शब्दावर कोण पैसे घालणार आहे?

अण्णांनी फोन हातात घेऊन ते वाचलं. “अक्काला मी थांबवतो. बाकीचे घालणार बघ आता.”

“माझं नाव बघून?”

“ते मला विचारतात. मी तुला विचारतो, हे ठाऊक आहे त्यांना.”

मी प्राणेशला फोन लावला. त्यानं तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

पत्रक आठ वर्तमानपत्रांना गेलं होतं. त्यांचे नंबर पिशवीतल्या वहीत होते, पण वर्तमानपत्रांना फोन करायचं काम आयुष्यभर दुसऱ्या कोणीतरी केलं. मला अनोळखी माणसाशी बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवावं लागतं. ते जुळेना. शेवटी तसाच बेळगावच्या मराठी पेपरचा नंबर फिरवला. अण्णांनी नोकराला पंखा बंद करायला सांगितलं.

“डेस्कवरून सौम्या बोलतेय.”

“‘पदर’ कॉइनची बातमी आलीय तुमच्याकडे. त्यातलं एक वाक्य काढायचंय. नावासकट.”

“कंपनीकडून बोलताय का?”

“सकाळपर्यंत होतो.”

“कोणाचं नाव काढायचंय?”

“नागोजीराव लाड.”

“मग त्यांनाच बोलायला सांगा ना. असं दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून आम्ही काढत नाही, काका.”

“मीच बोलतोय.”

“अहो, मग वाक्य तुमचं नाही का?”

“माझंच आहे. पण ते खरं नाही.”

पलीकडे की-बोर्डचा आवाज येत राहिला.

“काढलं,” ती म्हणाली. “बाकीची बातमी ठेवायची?”

“चार साड्यांची नोंद झालीय. तेवढं खरं आहे.”

ते तिनं लिहून घेतलं असावं. मी फोन खाली ठेवला. शर्ट पाठीला चिकटला होता, आणि यादीत अजून सात नंबर होते. अण्णांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला, आणि नोकराला कापडाचं माप सांगावं तसे पुढच्या नंबरचे आकडे एकेक करून मोठ्यानं वाचू लागले.