चतुराबाईचं सूत

सूत जळालं नाही.

लखलखीत तांब्याचा, पाण्यानं भरलेला गडवा; त्याच्या गळ्याभोवती पांढऱ्या सुताचे तीन वेढे; सुताला लावलेली चिमणीची ज्योत. अग्निदास बाबानं सातपर्यंत आकडे मोजले आणि चिमणी बाजूला घेतली. सूत जिथल्या तिथं. शाळेच्या लिंबाखाली जमलेल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास सोडला.

“पाटील खरा!” बाबा गरजला. “ही अग्नीची कचेरी हाय! इथं वकील नाई, तारीख नाई, अपील नाई! मनात पाप असन त्याच्या सुताची राख!”

दोन दिवसांपूर्वी हा बाबा जऊळक्याच्या स्टेशनावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी होती. आता पाटलाच्या ओसरीवर त्याच्या नावानं तुरीचं अर्धं पोतं उभं होतं.

खटला म्हशीचा होता. पुंजाजी पाटलाची म्हैस आटली. ती आठ महिन्यांची गाभण होती आणि गाभण म्हैस आटतेच, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. तरी ह्या म्हशीला नजर लागली असं ठरलं, आणि ती चतुराबाईची लागली असंही ठरलं. चतुराबाई शाळेत भुकटीचं दूध उकळून पोरांना वाटायची. ती बौद्धपुऱ्यातली. तिच्या हातचं दूध आपल्या पोरांनी प्यावं हे काही घरांना दोन वर्षं पचत नव्हतं. पण तसं बोलायची आता चोरी होती. म्हैस बोलायला सोपी होती. तिचं सूत जळालं, तर उद्यापासून दुधाचं पातेलं दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवणारी विजयमाला गर्दीच्या कडेला उभी राहून सेकंद मोजत होती. ती अकोल्याहून बी.एस्सी. झालेली होती. बाबाचे सात म्हणजे तिच्या घड्याळातले चार, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

दुसरी पाळी गुराखी गोविंदाची. “म्या चोरून दूध काढलं नाई,” तो म्हणाला. त्याचंही सूत शाबूत राहिलं.

मग चतुराबाई पुढं आली. पंचांनी न्यायात कसर ठेवली नाही. गडवा तोच आहे ना, हे पाहिलं. सूत त्याच गुंडीचं आहे ना, ओढून पाहिलं. चिमणीतलं तेल हुंगलं. बाबानं मंत्र पुटपुटत तीन वेढे दिले.

“मी कोनाच्या म्हशीले नजर लावली नाई,” चतुराबाई म्हणाली. “मले दुसरे कामं हायत.”

बाबा “दोन” म्हणतो न म्हणतो, तोच सूत पेटलं आणि तुटून खाली पडलं.

“झाली राख!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. चतुराबाई त्या काळ्या तुकड्याकडे पाहत राहिली.

“थांबा!” विजयमाला पुढं आली. “ह्या खेपेला सुताला रॉकेल लावलंय.”

पंचांनी आता सुताची गुंडी हुंगली. रॉकेल नव्हतं. बाबानं दोन्ही तळवे तिच्या नाकासमोर धरले. त्यांना फक्त उदबत्तीचा वास होता.

“बाई, पोराइले बाराखडी शिकवा,” बाबा म्हणाला. “अग्नीचं पुस्तक लय जाडं हाय.”

लोक हसले. विजयमालाचे कान तापले. बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, असं ती वर्गात रोज सांगायची.

तेवढ्यात तिसरीतली गंगू उठली. ती पुंजाजी पाटलाची नात.

“बाई, बाबानं चतुरामावशीचं सूत ढिल्लं बांधलं.”

“खाली बस व पोरी!” पाटील म्हणाला.

“खरंच, आबाजी! तुमचं घट्ट बांधलं. मावशीच्या खेपेले दोन बोटं खाली घातले अन् मंग काहाडून घेतले. माही आजी घाईत वेनी घालते ना, तशी!”

विजयमालाला एकदम दुधाचं पातेलं आठवलं. ह्याच आठवड्यात तिनं चतुराबाईच्या उकळत्या दुधात स्टीलचा चमचा आणि लाकडी पळी ठेवून वर्गाला दाखवलं होतं. चमच्यानं बोट पोळलं, पळीनं नाही. धातूतून उष्णता पळते, लाकडात रेंगाळते, आणि कोंडलेल्या हवेत तर पाय ओढत चालते.

“गंगू, तू बांध. घट्ट. आणि शपथ घे. खोटी.”

गंगूनं जीभ बाहेर काढून तीन घट्ट वेढे दिले. “माह्या आबाजीले चार शिंगं हायत!”

विजयमालानं ज्योत लावली आणि घड्याळात पाहून सात सेकंद मोजले. सूत जळालं नाही.

दीडशे माणसांनी पाटलाच्या पागोट्याकडे पाहिलं.

“आता ढिलं बांध. खरं बोल.”

“माहं नाव गंगू हाय.”

सूत भुर्रकन पेटलं.

“सूत गडव्याला चिकटलं, की ज्योतीची उष्णता तांबं ओढून घेतं आणि आतल्या पाण्याला देतं,” विजयमाला म्हणाली. “सूत पेटण्याइतकं तापतच नाही. मध्ये हवा राहिली, की उष्णतेला पुढं जायला वाट नाही; ती सुतातच साचते. अग्नीला तुमच्या मनातलं कळत नाही. त्याला फक्त घट्ट आणि ढिलं कळतं.”

बाबानं पिशवी उचलली. मालेगावला दुसरी कचेरी आहे, असं काहीतरी म्हणाला. गोविंदानं त्याची पिशवी धरून ठेवली. लोक आता बाबावर हसू लागले. तेच लोक, तेवढ्याच जोरानं.

चतुराबाई हसली नाही. तिनं जळका तुकडा उचलला.

“समजलं, बाई. घट्ट बांधलं का जळत नाई. पन परवा गावात आलेल्या मानसाले माहं ढिल्लं बांधाले कोनं सांगतलं?”

लिंबाखालचं हसू थांबलं. पुंजाजी पाटील चपला शोधू लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.

दुसऱ्या दिवशी पातेलं चतुराबाईनंच उकळलं. रांगेत सर्वांत पुढं गंगू होती. सहा घरांनी पोरांना दूध घेऊ दिलं नाही, म्हणून सहा पेले कमी लागले; आठवड्यानं दोनच. दोन महिन्यांनी म्हैस व्याली आणि कोणाचीही परवानगी न घेता दूध देऊ लागली.

वाचकहो, सूत, गडवा आणि चिमणी तुमच्याही घरात असतील. पाणी भरून, मोठ्या माणसाला जवळ बसवून करून पाहा. आणि पुढं कधी तुमच्यासमोर कोणी दैवी न्याय करू लागला, तर पंचांसारखं फक्त सूत ओढून पाहू नका. बांधणाऱ्याची बोटं पाहा. आणि त्याला जेवू कोण घालतं, तेही विचारा.