मोटरपेटीतलं ‘अवो’

वलगावच्या किशोरला पुण्याच्या नोकरीने एक खोड लावली होती. कॉम्प्युटरचा प्रोग्राम नीटनेटका नसला की त्याच्या अंगावर पित्त उठायचं. आणि तोच किशोर नोकरी सोडून घरी आला तेव्हा स्वतःच एवढा पसारा घालून बसला की विचारू नका.

त्याने मोटरपेटी बनवली होती. ती शेतातल्या विहिरीवर बसवायची. लाइन, म्हणजे वीज, आली की पेटी मोटर सुरू करणार आणि मालकाला फोन करून सांगणार. पहिली पेटी त्याने वडिलांच्या, खुशालरावांच्या वावरात लावली. पण पेटीतून बोलणारी ती गुळगुळीत यंत्रबाई खुशालरावांना पटली नाही. “हे कोन बाई हाय? हिचं मी काहून आयकू?” म्हणून ते फोनच कापायचे. मग किशोरने आईचा आवाज भरायचं ठरवलं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत त्या घरात नव्हतीच. दुर्गाबाई मोबाइलसमोर पदर सावरून बसल्या आणि रोजच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अवो, आयकता का? लाइन आली, मोटर चालू झाली. आता घरी या जेवाले, भाजी निवून राह्यली.”

भाजीचं कोणी सांगितलं नव्हतं. पण आईला शिकवणार कोण? राहू दिलं.

गावात बोभाटा झाला आणि पेटी घेणारा जो तो आपल्या घरच्या बाईचा आवाज मागू लागला. शिवाय कोणाची मोटर मोठी, कोणाच्या विहिरीला पाणी कमी. किशोर दर वेळी जुन्या प्रोग्रामची नक्कल काढायचा आणि तिच्यात ठोकाठोक करायचा. लॅपटॉपमध्ये एकट्या शेषरावांच्या पेटीचे ‘शेषराव फायनल’, ‘शेषराव नवीन फायनल’, ‘शेषराव आता खरंच फायनल’ असा गोतावळा जमला. एका पेटीतली चूक सुधारावी, तर तीच चूक बाकीच्या पेट्यांत सुखाने नांदत असायची.

अकोल्याच्या गोवर्धनभाऊंचं पंपांचं मोठं दुकान. पेटी त्यांना आवडली, पसारा नाही. “हरेक पेटीचा प्रोग्राम येगळा. उद्या तू मेला त मी कोनाले इचारू?” ते म्हणाले. गोवर्धनभाऊ मनाचे वाईट नव्हते, बोलणंच तसं होतं. “सगळ्याईचा एक कर, मंग माल उचलतो.” ऑर्डर मिळाली तर किशोर गावात राहणार, नाही तर पुन्हा पुण्याची बॅग भरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुर्गाबाई देवापुढे जरा जास्त वेळ बसू लागल्या.

किशोरने कंबर कसली. सगळ्यांना लागणारा प्रोग्राम एका ‘मूळ’ फोल्डरमध्ये ठेवला. गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये फक्त त्याचं वेगळेपण ठेवलं. जे तिथे सापडणार नाही ते ‘मूळ’मधून घ्यायचं, असा नियम केला. एक हुकूम दिला की कॉम्प्युटर सगळ्या पेट्यांचे प्रोग्राम बांधून देणार. उद्या पेटीऐवजी दुसरं काही बनवलं, तरी हीच घडी कामी येणार.

“म्हंजे वरन एकच, फोडनी ज्याची त्याची,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“बरोबर,” किशोर म्हणाला, आणि फोडणीच विसरला. हलवाहलवीत बायकांचे आवाज जुन्या फोल्डरांत राहून गेले. ‘मूळ’मध्ये होता तो पहिल्या पेटीचा आवाज. कॉम्प्युटरने कुरकुर केली नाही. सापडलं नाही, मूळमधून घेतलं, नियमच तसा होता. पडद्यावर कुठे चूक नाही, सगळं हिरवं पाहून किशोरने नवा प्रोग्राम सिमकार्डावरून सगळ्या पेट्यांना धाडून दिला.

पेट्या दाखवायचा कार्यक्रम शेषरावांच्या वांग्याच्या वावरात ठरला. गोवर्धनभाऊ खुर्चीवर बसले आणि पेट्यांचे मालक बायकांसह धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. लाइन आली. सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

“स्पीकरवर टाका,” किशोर ऐटीत म्हणाला.

“अवो, आयकता का?” सगळ्या फोनांतून दुर्गाबाई बोलल्या. “आता घरी या जेवाले, भाजी निवून राह्यली.”

त्या आवाजाची जरबच अशी, की सगळे पुरुष उठून उभे राहिले. शेषरावांनी तर चपलाही घातल्या.

“काहून जी,” त्यांच्या पत्नी पार्बताबाई म्हणाल्या, “कोनाच्या घरी निघाले जेवाले?”

शेषराव मटकन खाली बसले. पार्बताबाई किशोरकडे वळल्या. “अन् तुले प्रोग्राम एक कर म्हनलं होतं. गावाची बायको एक कर म्हनलं होतं का?”

वावरभर हशा पिकला. दुर्गाबाई तोंडाला पदर लावून तरातरा घरी निघून गेल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं किशोरला झालं.

गोवर्धनभाऊ मात्र डोळे पुसत म्हणाले, “भोंगे पाह्यले, घंट्या पाह्यल्या. आयकून मानूस उठते अशी मशीन आज पाह्यली. हाच आवाज ठेव. फक्त ‘अवो’ काढ, ‘भाऊ’ टाक. पन सगळ्या पेट्या सारख्या पाह्यजेत. एकबी येगळी दिसली, का सौदा मोडला.”

“मी का गावभर अवो-अवो करत फिरू?” म्हणून दुर्गाबाई रुसून बसल्या होत्या. पुण्याचं नाव निघालं तशा उठल्या. “भाऊ, आयकता का? लाइन आली, मोटर चालू झाली. आता घरी जा जेवाले, भाजी निवून राह्यली.” किशोरने जुने आवाज काढून टाकले, हुकूम दिला, सगळ्या पेट्या सारख्या झाल्या. ऑर्डर पक्की झाली. किशोरला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी खुशालराव वावरातून आले. ताटावर बसले नाहीत, ओट्यावर जाऊन बसले.

“बाबा, मोटर बिघडली का?”

“मोटर बेस हाय.” मग वावराकडे तोंड फिरवून, “तुही माय मले भाऊ म्हनते.”

किशोरला हसू फुटलं, पण वडिलांचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

“लगन झालं तवापासून तिनं माह्यं नाव नाही घेतलं,” खुशालराव म्हणाले. “‘अवो’ हेच माह्यं नाव. थे तुनं पुसून टाकलं. अन् वरून म्हनते, घरी जा. कोनाच्या घरी जाऊ?”

 सगळं सारखं करायच्या नादात आपण बापाला गावातलं एक गिऱ्हाईक करून टाकलं, याची किशोरला लाज वाटली. जुना आवाज मोबाइलमध्ये सापडला. तो त्याने वडिलांच्या रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवला, आणि पेटीला धाडण्याआधी अकोल्याला फोन लावला. चोरून करायला मन धजेना.

“एक पेटी येगळी?” गोवर्धनभाऊ कडाडले. “काय सांगतलं होतं तुले?”

“सांगतलं होतं, भाऊ. पन आई बाबाले ‘भाऊ’ म्हनून राह्यली.”

 सौदा मोडला, असं किशोरने मनाशी धरलं.

“माहीवाली मले भाऊ म्हनली असती,” गोवर्धनभाऊ म्हणाले, “त मी पेटी विहिरीत टाकली असती. थे एक राहू दे. दुसरी नाही.”

सकाळी खुशालराव वावरात निघाले होते. पायात चपला घातल्या आणि फोन वाजला.

“अवो, आयकता का?”

“आयकून राह्यलो,” खुशालराव फोनला म्हणाले. भाजी निवून राह्यली इथपर्यंत सगळं ऐकलं. मग चपला काढल्या आणि आत जाऊन पाटावर बसले.

दुर्गाबाई विळीवरून वर पाहत राहिल्या. “आत्ता? अवो, भाजी अजून चिराची हाय.”

“चीर,” खुशालराव म्हणाले. “मी बसतो.”