तोमोएचा फोटो देव्हाऱ्यात

घरातली एखादी गोष्ट शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण सगळेच काही ना काही उपद्व्याप करतो. सेत्सु इगाराशीने मात्र कहर केला होता. तिने स्वतःच्या पोटच्या पोराला ब्राझीलला पाठवलं होतं, तेही नुसत्या तोंडाने! पितरांच्या सणाला दर वर्षी ती आगगाडीने मोठ्या शहरात जायची, परदेशी मालाच्या दुकानातून ब्राझीलच्या कॉफीची पाकिटं आणायची आणि "मुलाने पाठवली हो" म्हणत आळीभर वाटायची. अकरा वर्षं! आता बाई थांबू पाहत होती, पण एकदा बोललेलं खोटं थांबू देत नाही.

शिओमी गावात तिचं केशकर्तनालय होतं. नवरा गेल्यापासून वस्तरा तीच चालवायची. त्या शनिवारी मासळीबाजारात लिलाव पुकारणारा मुराकोशी तोंडभर फेस घेऊन खुर्चीत आडवा झाला होता. रेडिओवर गाणं लागलं तसा तो उठूनच बसला.

"वहिनी, आवाज वाढवा, आवाज! ही तोमोए. काय घोगरा गळा आहे, पण काळजात घुसतो. गाणी म्हणे लिहिते पण स्वतःच."

"हलू नका, कापेल."

"टीव्हीवरच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या सामन्याच्या कार्यक्रमात यंदा हिला घ्यायलाच पाहिजे. बायकांच्या लाल चमूत ही उभी राहिली ना, की पुरुषांचा पांढरा चमू गारद! कुणाची पोर आहे कोण जाणे. नशीबवान आईबाप."

"तोंड मिटा बघू. ओठावर वस्तरा आहे."

मुराकोशीने तोंड मिटलं. सेत्सुने ओठावरचा फेस खरवडून काढला. ती पोर तिचीच होती.

जन्मली तेव्हा तिचं नाव तोमोनोरी ठेवलं होतं. शाळेच्या गायनात तिला मुलग्यांच्या रांगेत उभं करत. तेराव्या वर्षी आवाज फुटला आणि त्या लेकराने दोन वर्षं तोंडातून सूर काढला नाही. अठराव्या वर्षी एक पिशवी घेऊन ती ओसाकाला गेली. तिथे एका लहानशा दारूच्या गुत्त्यात पेले विसळायची, गिऱ्हाईक कमी असलं की पियानो वाजवायची आणि मागणीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर गाणी लिहायची. पहिली तबकडी निघाली तेव्हा बाजारपेठांतून बिअरच्या खोक्यावर उभं राहून गायली. ऐकायला चार माणसं, त्यातली दोन पावसाला अडकलेली. दुसऱ्या गाण्याने मात्र तिला देशभर नेलं. सरकारी कुटुंबनोंदीत, जिथे एकुलत्यालाही थोरलंच लिहितात, तिने 'थोरला मुलगा' खोडून 'थोरली मुलगी' करून घेतलं होतं. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण सेत्सुने कळू दिलं नव्हतं. नवऱ्याच्या अंत्यविधीलासुद्धा तिने तोमोएला सगळ्यात मागे, ओळखीपाळखीच्या माणसांत बसवलं होतं.

संध्याकाळी दुकानाचं दार वाजलं. तोमोए उभी होती, तोंडावर मास्क आणि कपाळापर्यंत ओढलेली टोपी. सोबत तिच्या गाण्यांचा धंदा पाहणाऱ्या कंपनीचे मालक हिरामात्सु, हातात मिठाईची पेटी.

"शुभ सकाळ!" ते म्हणाले. गाण्याबजावण्याच्या धंद्यात संध्याकाळीसुद्धा सकाळच असते. मग ते चटईवर गुडघे टेकून बसले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले. "आई, संकट आलंय."

शाळा संपताना वर्गातल्या प्रत्येकाचा फोटो असलेला जाडजूड अल्बम निघतो. कुणा वर्गमित्राने तो एका साप्ताहिकाच्या हातात दिला होता. त्यात मुलग्यांच्या काळ्या गणवेशात, गळ्यापर्यंत बटणं लावलेली तोमोए होती, आणि खाली जुनं नाव. सोमवारी अकरा वाजता त्या साप्ताहिकाची वार्ताहर घरी येणार होती.

"आपण असं सांगायचं," हिरामात्सु म्हणाले, "की तोमोए तुमच्या बहिणीची मुलगी. ओसाकाला वाढली. फोटोतला मुलगा तुमचा. मावसभावंडं, म्हणून चेहरा मिळतो."

"म्हणजे मी हिची मावशी?"

"फक्त कागदावर, आई."

"आणि मुलगा कुठंय म्हणून विचारलं तर?"

हिरामात्सुंनी घसा साफ केला. "ब्राझीलमध्ये वारला. तापाने. जिवंत म्हटलं की पत्ता मागतील, फोन मागतील. मेलेल्याला कोण फोन लावणार? पितरांच्या देव्हाऱ्यात त्याचा फोटो ठेवा, मेल्यावर मंदिरातून जे नवं नाव देतात त्याची पाटी आणा. शोक करणाऱ्या घरात कुणी जास्त खोदून विचारत नाही."

"तू काय म्हणतेस?" सेत्सुने लेकीला विचारलं.

"मी हो म्हटलंय," तोमोए चटईकडे बघत म्हणाली. "कार्यक्रमाचं आमंत्रण या महिन्यात ठरणार. माझ्या नावावर सोळा माणसं पोट भरतात, आई. मला मागे फिरायला जागाच नाही."

"मी दुष्ट माणूस नाही हो," हिरामात्सु कळवळून म्हणाले. "जग मला बदलता येत नाही. मी आपली गाणी विकतो."

आता खरं सांगायचं तर, वाचकहो, त्या क्षणी सेत्सुला रडू आलं नाही. तिला हायसं वाटलं! चला, कॉफीचं झेंगट सुटलं, लोक चार दिवस हळहळतील आणि विसरून जातील, असं तिच्या मनात आलं. लगेच तिला स्वतःचीच किळस वाटली, तरी ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चोवीस तारीख होती. शेवटी चार किंवा नऊ असलेल्या तारखांना ती मंदिरात जाऊन म्हाताऱ्या आचार्य एशुन यांचं डोकं भादरायची. या वेळी तोमोएही सोबत गेली. सेत्सुने डोक्याला फेस लावला आणि हळूच विषय काढला. आचार्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "कधी गेला?"

"गेल्या महिन्यात."

"अस्थी?"

"तिकडेच आहेत."

"तिकडेच! एकुलता एक पोरगा जातो, आणि तू इथे बसून गावाच्या दाढ्या करतेस?" आचार्यांनी एक डोळा उघडला. "आणि ही कोण?"

"भाची."

"अगं, तुझ्या नवऱ्याचे सुपासारखे कान मी चाळीस वर्षं पाहिलेत. हिच्या टोपीत ते मावत नाहीयेत. बस ग तोमोनोरी. की दुसरं नाव आहे तुझं?"

"तोमोए," ती पुटपुटली आणि तिने मास्क काढला.

"छान नाव आहे. आता सेत्सु, मला सांग, या नव्या नावाचं माणूस समोर बसून माझा चहा पितंय. मग मी पाटी कुणाची करू?"

"तुम्हाला कोण काय बोलणार, आचार्य!" सेत्सु चिडलीच. "माझं दुकान आहे. मला या गावात राहायचंय."

"गाव म्हणजे कोण? नावं घे बघू."

सेत्सुने मुराकोशीचं नाव घेतलं. मग टोफूवाल्या बाईचं घेतलं. तिसरं काही केल्या तोंडात येईना.

"दोन माणसं," आचार्य म्हणाले. "दोन माणसांसाठी पोर मारायला निघालीस? या गावातल्या किती मरणाऱ्यांच्या उशाशी मी बसलोय. लोक काय म्हणतात, असं एकानेही विचारलं नाही. सगळे एकच विचारतात, पोरं आली का? तुझ्या नवऱ्याने काय विचारलं होतं, आठवतं?"

सेत्सुने वस्तरा पाण्यात बुडवला.

"बाबांनी विचारलं होतं?" तोमोए उठून उभी राहिली. "मला? आई, तू तर म्हणालीस की त्यांना माझं तोंडही बघायचं नाही. मी शेजारच्या गावात खोली घेऊन तीन दिवस बसून होते!"

"घरात माणसं होती ग..." सेत्सु वस्तरा पुसत म्हणाली. नवऱ्याने खरंच विचारलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. आणि तिने सांगितलं होतं, वाटेत आहे.

तोमोएने टोपीही काढून ठेवली. बोलली तेव्हा आवाज अगदी खाली होता. "मी ओळी लिहिते ना, त्या आधी ऑफिसात जातात. लहानपण आलं की काट मारतात. शाळा आली, काट. बाबांच्या दुकानाचा वास आला, काट. संशय नको म्हणतात. ऐकणाऱ्यांना वाटतं ही बाई एकदम पंचविसाव्या वर्षीच जन्मली. मी तोमोनोरी कधीच नव्हते, आचार्य, पण त्या गणवेशात गुदमरत होते ती मीच होते. तिलाही आता मेली म्हणून टाकायचं. आणि मी हो म्हणून बसलेय."

आचार्यांनी पाटी दिली नाही. अर्धं डोकं भादरायचं राहिलं होतं, तेही सेत्सुला पुरं करता आलं नाही.

पण एवढं कानावर पडूनही माणूस लगेच सुधारत नाही! सोमवारी सकाळी हिरामात्सु गणवेशातला तोच फोटो मोठा करून, काळी फीत लावून घेऊन आले. "पाटी नाही तर नाही, फोटोवर भागेल," ते म्हणाले. सेत्सुने मुकाट्याने देव्हारा उघडला आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी तो ठेवला. रीतीप्रमाणे ताज्या भाताची वाटी पुढे ठेवली. तोमोए आतल्या स्वयंपाकघरात बसली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सरकतं दार लावून घेतलं होतं, कारण ती इथे नव्हतीच ना!

बरोबर अकराला वार्ताहर आली. ओगुरा नाव, तरुण, मऊ बोलणारी. चार वाकडे प्रश्न विचारील, तावातावाने बोलील, मग आपणही ठणकावून खोटं बोलू, अशी सेत्सुची तयारी होती. पण ओगुराची नजर देव्हाऱ्याकडे गेली आणि तिने वहीच मिटली.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "फार वाईट झालं. आधी उदबत्ती लावू द्याल?"

ज्या घरात मृत्यू झाला तिथे पाहुण्याने आधी उदबत्ती लावायची, ही साधी माणुसकीची रीत. नाही कसं म्हणणार? ओगुरा गुडघ्यांवर बसली. काडी ओढली. उदबत्तीचं टोक लाल झालं. तिने डोळे मिटून हात जोडले, आणि तिच्या गालांवर खरोखरच पाणी आलं. आता रीत अशी की आईने मागे बसून वाकायचं आणि म्हणायचं, माझ्या लेकरासाठी आलात, उपकार झाले. हिरामात्सुंनी डोळ्यांनी खूण केली. सेत्सु वाकायला लागली.

आत स्वयंपाकघरात कुणीतरी नाक ओढलं.

"थांबा!" सेत्सु ओरडली. "नका हो, नका हात जोडू! माझं पोर जिवंत आहे!"

तिने पुढे होऊन फोटो उचलला आणि काळी फीत ओरबाडून काढली. मग भाताची वाटी घेतली, दार सरकवलं आणि वाटी तोमोएच्या पुढ्यात आदळली. "जेव! माझ्यासमोर जेव! देवा रे, काय करायला निघाले होते मी!"

"आई! सगळं बुडेल, आई!" हिरामात्सु धावले.

"आई मी हिची आहे, तुमची नाही!" सेत्सु कडाडली आणि ओगुराकडे वळली. "लिहून घ्या. ही तोमोए इगाराशी. माझी थोरली मुलगी. हा फोटो हिचाच आहे. ब्राझील खोटं, मावशी खोटी. हिच्या बापाने मरताना हिला बोलावलं होतं आणि लोकांच्या भीतीने मी हिला घरात येऊ दिलं नाही. तेही लिहा."

"आई, तेवढं नको," तोमोए म्हणाली.

"का नको? तुझं तेवढं चव्हाट्यावर आणायचं आणि माझं झाकायचं?"

ओगुरा ओले गाल पुसत म्हणाली, "तोमोएबाई, तुम्हाला हे छापायला हवंय का? नको असेल तर मी रिकाम्या हाताने परत जाईन. संपादकांची बोलणी खाईन, बस." तोमोएने वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग भाताने भरल्या तोंडानेच म्हणाली, "छापा. पण शब्द माझे असतील."

सगळं गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. वर्षअखेरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं नाही. दोन जाहिराती गेल्या. सेत्सुच्या दुकानात आठवडाभर खुर्च्या रिकाम्या होत्या. मग मुराकोशी आला, दाढी वाढवून. बराच वेळ आरशात बघत बसला आणि म्हणाला, "कॉफी आवडत नव्हतीच मला. तुम्ही आम्हाला इतकं हलकं समजत होतात, वहिनी?" सेत्सुने मान खाली घातली. गाव वाईटच असणार, हे तिने न विचारताच ठरवून टाकलं होतं.

महिन्याभराने हिरामात्सु आले. ऑफिसात पत्रांच्या पिशव्या येत होत्या. कुणी शिव्या लिहीत होतं, पण कितीतरी जणांनी आपापल्या घरातल्या मिटून ठेवलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. ते तोमोएपुढे वाकले. "जग बदलता येत नाही म्हणत होतो," ते म्हणाले, "आणि त्या जगाच्या वतीने तुझ्या ओळींवर काट मीच मारत होतो. यापुढे तू लिहिशील तेच गायचं."

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मंदिरात अख्खं गाव रांगेत उभं होतं. तोमोए सवयीने मागे सरायला लागली. सेत्सुने तिचं मनगट धरलं आणि टोफूवाल्या बाईसमोर नेऊन उभं केलं.

"ही आमची थोरली."

टोफूवालीने वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कमरेतून वाकून म्हणाली, "नवं वर्ष सुखाचं जावो." मागच्या दोघांनी तोंड फिरवलं. फिरवू देत! सेत्सुने मनगट सोडलं नाही.

नागरिकहो, आपल्याही घरांत अशी माणसं आहेत. आपण त्यांना परगावी धाडतो, भाचा-भाची करतो, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसवतो, आणि वर त्यांच्याच भल्यासाठी केलं म्हणतो. ज्या लोकांच्या भीतीने हे करतो, त्यांची नावं एकदा कागदावर लिहून पाहा. दोनाच्या पुढे जात नाहीत. आणि आपलं माणूस मात्र एकच असतं. ते जिवंत आहे तोवर त्याची जागा देव्हाऱ्यात नाही, आपल्या शेजारी, ताटावर आहे. त्याला आजच जेवायला बोलवा.