मोजणीच्या आठवड्यातली आठ माणसं

वेस्टरहाव आणि नीउडाम या दोन गावांना जोडणारी आठ आसनांची छोटी बस गावातली निवृत्त माणसंच फुकटात चालवायची. त्यात सर्वांत कडक हार्मेन. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस. मिनिटभर उशीर म्हणजे त्याच्या लेखी पाव करपला. आठ म्हणजे आठ. प्रत्येकाला पट्टा, उभं राहायला मनाई, आणि थांब्यावर कुणी हात केला नाही तर बस थांबणार नाही.

नोव्हेंबरात बस पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. एक आठवडा प्रवासी मोजायचे. आकडा कमी भरला की बस बंद. हार्मेनच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आल्या त्या रूलीबाई. मोलनवेखच्या थांब्यावर रोज अकरा दहाला हात करून पुढच्या आसनावर बसणाऱ्या. त्यांचे यजमान स्यूर्द नीउडामच्या वृद्धाश्रमात होते. त्यांना आता बायकोचं नावही आठवत नव्हतं, पण बाराचं जेवण ते तिच्याच हातून जेवत. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटून घेत. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून बाईंची सायकल सुटली होती. बस गेली की सगळंच गेलं.

मग हार्मेन बदामाचा केक घेऊन दारोदार फिरला. "आठवडाभर बसमध्ये बसा. कुठं जायचं नसलं तरी बसा. रूलीबाईंसाठी बसा!"

लोक बसले, आणि काय बसले! गुरुवारी अकराच्या फेरीला चर्च चौकातच, पहिल्याच थांब्यावर, आठही आसनं भरली. पुढच्या आसनावर बेप, हार्मेनची शाळेपासूनची मैत्रीण, केसबिस करून, नवा कोट घालून. मागे गप्पा, पेपरमिंटच्या गोळ्या, हशा. सहलच निघाली म्हणा ना. हार्मेन खुशीत मोजणीच्या तक्त्यावर खुणा करत होता. आणि मोलनवेखला रूलीबाईंनी हात केला.

दार उघडलं. बाईंच्या पिशवीतून खिरीच्या डब्याचं झाकण डोकावत होतं. त्यांनी आत पाहिलं. हार्मेनने आरशात पाहिलं. आठही जण आपापल्या पट्ट्याकडे बघत होते. कुणीतरी उठेल असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि बाहेर वारा असा की कान तुटतील.

"असू द्या हो," रूलीबाईच म्हणाल्या. "बसा तुम्ही सगळे. येईन मी पुढच्या बसने."

पुढची बस म्हणजे हीच बस, तासाभराने. बारा दहाला! बाराचं जेवण चुकणार, हे हार्मेनला कळत होतं. पण ज्यांना स्वतः केक खाऊ घालून बोलावलं त्यातल्या कुणाला खाली उतर म्हणायचं? दोन मिनिटं उशीर झाला होता. त्याने बटण दाबलं आणि दार मिटलं.

बस बंधाऱ्याच्या रस्त्याला लागली. तिथे हार्मेनचा बांध फुटला. "तुमच्यापैकी खरंच कुठं जायचंय कुणाला?"

मागे पेपरमिंटची पुडी गुपचूप खिशात गेली.

"आठ माणसं, आणि एकालाही कुठं जायचं नाही! शोभतं का?"

"आमच्यावर कशाला खेकसतोस, हार्म्या?" बेप म्हणाली. "तूच बोलावलंस. आणि दार कुणी लावलं रे, आम्ही?"

नीउडामच्या गोल चौकात हार्मेनने बस एक पूर्ण वळसा जास्त फिरवली. परत जावं? पण ठरलेला रस्ता सोडायचा नाही, हा नियम त्यानेच नवख्या चालकांना घोकून घ्यायला लावला होता. वळसा पुरा झाल्यावर तो निमूट ठरलेल्या रस्त्याला लागला.

बारा दहाला रूलीबाई तिथेच उभ्या होत्या. नाक लाल झालेलं. "नमस्कार, हार्मेन," म्हणाल्या आणि पुढच्या आसनावर बसल्या. हार्मेन माफी न मागताच तक्त्यावर खूण करून निघाला.

शुक्रवारी चर्च चौकात सातजण आलेच नाहीत. एकटी बेप तेवढी थांब्याच्या बाकावर होती, नवा कोट घालून, हात खिशात. तिने हात काही केला नाही, आणि हार्मेननेही बस थांबवली नाही. घुश्शातच होता अजून.

मोलनवेखला रूलीबाई चढल्या. "आज अगदीच मोकळी?"

"बाई, काल माझं चुकलं," हार्मेन एका दमात म्हणाला. "यजमान उपाशी राहिले असतील माझ्यापायी."

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "जेवला की. नर्स नवीन आहे, विशीतली पोर. तिच्या हातून सगळं संपवलं त्याने. खीरसुद्धा मागितली म्हणे." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मी दारातच उभी राहिले. तीन वर्षं वाटत होतं, मी नसले तर हा जगायचा नाही."

हार्मेनने बसचा वेग नकळत कमी केला.

"रात्रभर विचार केला. आता त्याला माझी गरज नाही, मग उद्या जायचं कशाला? आणि सकाळी बघते तर मी कोट घालून थांब्यावर उभी." डोळे पुसून त्या हसल्या. "घरी बसून करू काय? तुमच्या मोजणीत चालेल का हो हे, असं गरज नसताना येणं?"

हार्मेनने गुडघ्याजवळच्या तक्त्याकडे पाहिलं. कुठे चढले, कुठे उतरले, दोनच रकाने. "कशासाठी, हे त्यात विचारलेलंच नाही, बाई."

आश्रमाच्या दारात त्यांना उतरवून तो रिकामी बस घेऊन परत फिरला. काल आपण त्या आठजणांना काय बोललो, ते त्याला वाटभर टोचत राहिलं. चर्च चौकात बघतो तर बेप अजून त्याच बाकावर. एवढा वेळ त्या गार वाऱ्यात! ती एकटी पडल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तिच्या घरी चहाचा एकच कप धुवायला पडतो, हे त्याला ठाऊक होतं. केक घेऊन गेला तेव्हा पाहिलं होतं.

तिने हात केला नाही. हार्मेनने ब्रेक दाबला आणि दार उघडलं.

"मला कुठं जायचं नाहीये, हार्म्या."

"मी विचारलं का? चढ."

ती चढली, पुढचं आसन मोकळं सोडून मागे जाऊन बसली, आणि तिने पट्टा लावला. हार्मेनने तक्ता घेतला. चढण्याच्या रकान्यात चर्च चौक लिहिलं. उतरण्याचा तसाच कोरा ठेवला आणि बस सुरू केली.