चित्रात काय नाही?

प्राध्यापक शिवरुद्र साखरे यांच्या मानसशास्त्र विभागात दोन मास्तर, सात विद्यार्थी आणि एक कपाट होतं. कपाटाची किल्ली हरवून सहा वर्षं झाली होती, पण आत चोरण्यासारखं काही नाही हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. एक स्टॉपवॉच होतं, तेही चार वेळा थोपटल्याशिवाय चालायचं नाही. परभणीत तेव्हा मानसशास्त्र म्हटलं की माणसं आधी सरांच्या डोळ्यांत बघत आणि मग घाईघाईनं दुसरीकडे. मनातलं ओळखतो म्हणे हा माणूस! सरांना स्वतःच्या मनातलंही धड ओळखता येत नव्हतं, पण ते सांगून कोण आपली पत घालवतो?

दर जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या आधी, प्राचार्यांची चिठ्ठी सगळ्या विभागांत फिरे. 'आपल्या विभागातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांची चालू वर्षातील उल्लेखनीय कामगिरी कळवावी.' रसायनवाले दोन पानं भरून देत. इतिहासवाल्यांना एकदा शेतात एक फुटका शिलालेख सापडला होता, त्यावर त्यांनी पाच वर्षं काढली. शिवरुद्र सर मात्र अकरा वर्षं एकच ओळ लिहीत आले होते: 'अध्यापनकार्य समाधानकारक.'

चौऱ्याहत्तर सालची चिठ्ठी आली तेव्हा प्राचार्य तात्यारावांनी त्यांना आत बोलावून घेतलं.

"साखरे, मंडळ विचारायलंय, सात पोरांसाठी अख्खा विभाग कशाला? यंदा कायतरी दाखवा. न्हाईतर जूनपासून कुलूप. मग मला म्हणू नका, सांगितलं न्हाई म्हणून."

सर हसले. यंदा त्यांच्याकडे दाखवायला होतं, आणि साधंसुधं नव्हतं.

त्या गोष्टीचं मूळ फार जुनं होतं. हैदराबादला शिकत असताना वर्गात त्यांच्यावर एक विलायती बुद्धिमापन चाचणी झाली होती. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यात काय कमी आहे? एका चित्रात विलायती घर होतं. पालमकडचं हे पोरगं त्या घराकडे मिनिटभर बघत राहिलं आणि म्हणालं, "ओसरी न्हाई." उत्तर होतं धुराडं. वर्ग खदखदून हसला. गुरुजींनीही हसून त्याच्या कागदावर भोपळा काढला. ज्यानं जन्मात धुराडं पाहिलं नाही त्याला ते नसलेलं कसं दिसावं? हा प्रश्न विचारायची तेव्हा हिंमत झाली नाही. पण तो हसण्याचा आवाज सरांच्या कानातून वीस वर्षं गेला नाही.

म्हणून त्यांनी आपल्या मातीतली चाचणी केली. वीस चित्रं, सगळी स्वतःच्या हातानं, काळ्या शाईनं. मोटेला दोर नाही, बैलगाडीला जू नाही, जात्याला खुंटा नाही. धुराडं शोधून सापडायचं नाही. नाव दिलं 'परभणी चित्रचाचणी'. मग पालमच्या शाळेत जाऊन तिसरी-चौथीच्या नव्वद मुलांवर ती घेतली. बरोबर होती सत्यशीला वाव्हळे. तिसऱ्या वर्षाची, सातांतली सगळ्यांत हुशार, मूळची पालमचीच. मुलांशी बोलायचं तिनं, वेळ मोजायची सरांनी. उत्तरपत्रिका तपासायचं किचकट कामही तिनंच केलं. औरंगाबादच्या परिषदेत चाचणीवरचा निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं, तेव्हा सरांनी ते चार दिवस शर्टाच्या खिशात घालून फिरवलं.

घरी त्यांनी ती चित्रं आईलाही दाखवली होती. पक्क्या लिंगायत नीलम्मांनी एक चित्र डोळ्यांजवळ धरलं. आंघोळ करून पूजेला बसलेला उघडा माणूस, आणि समोरची देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, रिकामी. उत्तर होतं, देव.

"ह्येच्या गळ्यात लिंग कुटंय? कपाळाला इबत न्हाई. कोण हाय रे ह्यो?"

"आई, ते नाही. देवळीत बघ."

"देव गळ्यात असतोय की. देवळीत कशाला बघू?"

सर हसून म्हणाले, "तुझ्यासाठी नाही ही." आणि चित्रं गुंडाळून ठेवली. म्हातारीचं बोलणं त्यांनी कानाआड केलं, ते चांगलंच महागात पडणार होतं.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी सत्यशीला विभागात आली. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. बस म्हटलं तरी बसली नाही.

"सर, मी पालमला गेले होते. आपण बाराच्या खाली मार्क पडलेल्या मुलांची यादी शाळेला दिली होती ना? गुरुजींनी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं लाल शाईनं 'मंद' लिहिलंय. अकरा मुलं. त्यांना मागच्या तरटपट्टीवर बसवायलेत. प्रश्न इचारणं बंद केलंय."

"शेरा मारायला मी कुठं सांगितलं होतं?"

"यादी आपणच दिली, सर. आणि ती अकराच्या अकरा आमच्या वस्तीतली हायत."

सरांनी चष्मा काढला. "परिस्थितीचा परिणाम असतो, सत्यशीला. निबंधात मी तसं म्हटलंही आहे, सहानुभूतीनं."

"सहानुभूती ऱ्हाऊ द्या, सर. हे बघा." तिनं चार चित्रं टेबलावर मांडली. रिकामी देवळी. अंगणात पाणी घालणारी बाई, पण तुळस नाही. सजवलेलं मखर, आत गणपती नाही. देवळाच्या दारात हात वर केलेला माणूस, वर घंटा नाही. "अकराही जणांना ह्या चारांत शून्य हाय. आमच्या घरातून देव छप्पन साली गेले. ह्या पोरांचा जनमच त्याच्या नंतरचा. त्यांच्या घरातली देवळी रिकामीच असती, न्हाईतर तिच्यात कंदील असतो. आणि घंटा? मंदिरात आमच्या आज्याला कुणी जाऊ दिलं न्हाई, आणि आता आमीच जात न्हाई. नसलेली घंटा त्यांना कुठून दिसावी?"

सरांच्या कानात कुठून तरी हैदराबादचा वर्ग हसायला लागला होता.

"ही चार काढून उरलेल्या सोळांचे मार्क मी मोजले. यादीतल्या पंचफुलाला सोळांत अकरा. पूर्ण शाळेत दुसऱ्या कुणालाच सोळांत दहाच्या वर न्हाईत. शाळेतली सगळ्यात हुशार पोरगी मागच्या पट्टीवर बसलीय, सर."

"मग हे तपासताना का नाही सांगितलंस?" सरांचा आवाज जरा चढला. दुसऱ्यावर चढवायला आवाज नेहमी तयार असतो.

सत्यशीलाचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही. "कारण ते शून्य मीच दिलं. पंचफुलाला विचारलं, देवळीत काय नाही, तर ती म्हणली, 'कंदील.' मला कळत होतं ती बरोबर बोलायली. माझ्याच घरची देवळी तशी हाय. पण उत्तरांच्या कागदावर 'देव' होतं, आणि तो कागद तुमी दिलेला. मी वस्तीतली न्हाई, कॉलेजातली हाय, असं दाखवायचं होतं मला. मला त्याची लय लाज वाटती, सर."

मग तिनं वहीतून चार कोरे पुठ्ठे काढले. कोरे नव्हते, मागच्या बाजूला पेन्सिलीनं चित्रं होती. सरांच्या हाताची सफाई त्यांत नव्हती, पण समजत होतं सगळं.

"राग मानू नका. स्टॉपवॉच लावते."

तिनं ते चार वेळा थोपटलं. चालू झालं.

पहिलं चित्र: टेबलावर बुद्धाची मूर्ती, फुलं, उदबत्ती. काय कमी आहे? सर बघत राहिले. "समई," ते म्हणाले. "मेणबत्ती, सर. आमच्यात पोरगं बोलायला लागायच्या आधी मेणबत्ती पेटवायला शिकतं."

दुसरं: भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी नुसता खिळा. "कॅलेंडर?" सर म्हणाले. उत्तर काय असणार ते सरांनाच उशिरा कळलं. अशा घरांत त्या खिळ्यावर कुणाची तसबीर असते हे साऱ्या मराठवाड्याला माहीत आहे, आणि अकरा वर्षं त्या घरांतली मुलं शिकवूनही आपल्याला सुचलं काय, तर कॅलेंडर! तिसऱ्या चित्रात त्यांनी तोरण म्हटलं. चौथ्यात काय नाही ते त्यांना शेवटपर्यंत सांगताच आलं नाही.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"शून्य, सर."

सत्यशीला गेल्यावर ते विभागात एकटे उरले. आधी राग आला. सगळा घास तोंडाशी आला असताना या पोरीला आताच बरं सुचलं! चार चित्रं वगळून निबंध दुरुस्त करता येईल, तळटीप देता येईल, निकाल पुढच्या वर्षी सुधारता येईल, अशा पळवाटा त्यांनी एकामागून एक शोधल्या. मानसशास्त्राचा एवढा उपयोग असतोच, स्वतःला फसवायच्या वाटांची नावं तरी ठाऊक असतात. मग त्यांना आईचं वाक्य आठवलं. देव गळ्यात असतोय की. स्वतःच्या आईलाही आपण त्या चाचणीत नापास केलं होतं, आणि वर हसलो होतो. ज्यांच्या हसण्यानं आपण वीस वर्षं जळलो, त्यांच्याच बाकावर जाऊन बसलो की आपण! त्यांना खरोखर शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी औरंगाबादला निबंध मागे घेतल्याचं पत्र टाकलं आणि तात्यारावांच्या टेबलावर अहवाल ठेवला. तात्यारावांनी तो मोठ्यानं वाचला:

"'विभागप्रमुखांनी तयार केलेली चित्रचाचणी सदोष आढळल्याने मागे घेण्यात आली आहे. हा दोष तृतीय वर्षाची विद्यार्थिनी कु. सत्यशीला सूर्यभान वाव्हळे हिने पुराव्यानिशी शोधून काढला. विभागाच्या अकरा वर्षांतील ही पहिली उल्लेखनीय कामगिरी होय.' साखरे, डोकं ठिकाणावर हाय का? आपली चूक कुणी कामगिरीत लिवतंय का? मंडळ काय म्हणंल?"

"मंद म्हणेल," सर म्हणाले.

"मी एक शब्द बी बदलणार न्हाई हां. जसं दिलंय तसंच वाचून दाखवीन संमेलनात."

"तेवढंच करा, सर. कृपा होईल."

विभागाचं पुढं काय होणार ते त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. सर तिथं थांबलेही नाहीत. गंगाखेडमार्गे जाणारी पालमची एस.टी. त्यांनी धावत पकडली. सरांचा निरोप मिळाल्यानं सत्यशीला आधीच आत बसलेली होती. तिनं खिडकीकडची जागा दिली.

शाळेत मुख्याध्यापक भुजंगराव गुरुजींनी चहा मागवला, पण हजेरीपट द्यायला मात्र कां-कूं करू लागले. "सर, शाळेचं दप्तर हाय. एकदा शेरा पडला की पडला. तुमीच तर यादी दिली."

"म्हणूनच मी आलोय," सर म्हणाले. त्यांनी गुरुजींच्याच लाल शाईनं अकरा शेरे एकेक करून खोडले आणि प्रत्येकापुढं लिहिलं: 'चाचणी चुकीची.' खाली सही, तारीख. अकरा वेळा. गुरुजी पाहत राहिले. एवढ्या सह्या एका चुकीखाली केलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग सर चौथीच्या वर्गात गेले. मुलं उभी राहिली, बसली. पुढच्या तरटपट्ट्यांवर दाटी होती. मागच्या पट्टीवर चौथीतली सहा मुलं होती, मध्ये ऐसपैस जागा सोडून. सर भाषण करायचं ठरवून आले होते, पण ती मोकळी जागा पाहून ते राहिलं. शेवटी साधंच बोलले.

"मागच्या खेपेला मी तुम्हाला चित्रं दाखवली होती. काही जणांना कमी मार्क पडले. ते मार्क खोटे होते. चित्रंच चुकीची होती. काल ह्या सत्यशीला ताईंनी माझी परीक्षा घेतली."

वर्गात कुजबूज झाली. एवढ्या मोठ्या माणसाची परीक्षा?

मागच्या पट्टीवरून एका मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, एकीला रिबीन, दुसरीला सुतळी. "पंचफुला," सत्यशीला हळूच म्हणाली.

"तुमाला किती पडले, सर?"

गुरुजी डोळे वटारायला लागले, पण सरांनी हातानं थांबवलं.

"शून्य," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. इथल्या मुलांना शून्य ही हसायची गोष्ट वाटत नव्हती. पंचफुलानं सरांकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, धोतराला लागलेल्या एस.टी.च्या धुळीसकट. कमी मार्कवाल्यांनी कुठं बसायचं हा त्या वर्गातला नियम होता, आणि तिला तो पाठ होता. ती अंग चोरून बाजूला सरकली. तळहातानं तरटावरची धूळ झटकली.

"या की मग, सर," ती म्हणाली. "हितं लय जागा हाय."

प्राध्यापक शिवरुद्र साखरे सगळ्या वर्गातून चालत मागं गेले आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले.