गुरुजींच्या टेबलावर गाढोबा

हसू नका हं मित्रांनो, पण मी एक जुनं कापडी गाढव आहे आणि सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला आहे. पगार नाही, रजा नाही, बढतीचं तर नावच नको. तरी माझा रुबाब असा, की मी ज्याच्या टेबलावर जाऊन बसतो त्याचं तोंड एवढंसं होतं. सगळे मला गाढोबा म्हणतात.

माझा जन्म एका स्वयंपाकघरात झाला. एका आईनं जुन्या राखाडी चादरीतून मला शिवलं, पोटात चिंध्या ठासल्या आणि डोळ्यांच्या जागी कोटाची बटणं लावली. एक बटण काळं मिळालं आणि एक तपकिरी, त्यामुळे मी कायम तिरपा बघतो असं लोकांना वाटतं. तिचा मुलगा जेवायला भारी छळायचा. तोंड घट्ट मिटून बसायचा. मग ती घास माझ्या तोंडाजवळ आणून विचारायची, "काय गाढोबा, जेवलास का रे?" आणि स्वतःच जाड आवाज काढून उत्तर द्यायची, "जेवलो, पण याचाही घास मलाच द्या!" झालं, मुलाचं तोंड लगेच उघडायचं. माझ्या तोंडावर जो पिवळट डाग दिसतो ना, तो त्या घासांचा. तो धुऊन जात नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं.

मुलगा मोठा झाला, शिकला, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाला. निघताना आईनं मला त्याच्या बॅगेत कोंबलं.

"अगं आई, मी काय आता लहान आहे का?"

"असू दे रे. त्याला जागा ती किती लागणार?"

नव्या घरात मला कपाटावर जागा मिळाली, जुन्या वायरी आणि बंद पडलेल्या इस्त्रीशेजारी. तिथे माझी कित्येक वर्षं धूळ खाण्यात गेली. राग नाही हो, पण कंटाळा फार आला. इस्त्री काही बोलायची नाही.

एक दिवस मुलानं मला खाली काढलं, झटकलं आणि थेट ऑफिसात नेलं. तोवर तो मोठा प्रोग्रामर झाला होता. ऑफिसात त्याला गुरुजी म्हणत, कारण तो दुसऱ्यांचा कोड पेपर तपासल्यासारखा तपासायचा. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी परत पाठवायचा. आता त्या लोकांचं काम असं असतं, मित्रांनो, की प्रत्येक जण आपापला तुकडा लिहितो आणि मग सगळ्यांचे तुकडे एकत्र जोडतात. एकानं गडबड केली की सगळ्यांचं काम ठप्प. तर गुरुजींनी नियम काढला: ज्याच्यामुळे सगळं बंद पडेल, त्याच्या टेबलावर गाढोबा. दुसरा कोणी चुकेपर्यंत त्यानं मला सांभाळायचं.

मग काय, मी नुसता फिरायला लागलो! कोणी चुकला की टाळ्या पडत आणि मिरवणुकीनं मला त्याच्याकडे नेत. माझा मुक्काम सगळ्यात जास्त बडबड्याकडे असे. हा गुरुजींच्या शेजारीच बसायचा, बोलता बोलता लिहायचा आणि विचार करताना माझा कान पिळायचा. शेवटी कान तुटला. त्या शहाण्यानं तो स्टेपलरनं जोडला! सगळ्यांच्या चुका शोधायचं काम करणारी एक ताई होती. ती म्हणाली, "तुझा कोड आणि गाढोबाचा कान, दोन्हींना एकच ठिगळ." बडबड्यालाच त्याचं सगळ्यात जास्त हसू आलं.

गुरुजींच्या टेबलावर मात्र मी एकदाही बसलो नव्हतो. माणूस चुकतच नव्हता. रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहत आणि प्रत्येक जण सांगे, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. बडबड्याचं अडलेलं ऐकता ऐकता चहा गार व्हायचा. गुरुजींचं उत्तर ठरलेलं, "कुठेच नाही."

पण मी शेजारच्या टेबलावर बसून सगळं ऐकायचो. रोज जेवायच्या सुट्टीच्या आधी गुरुजींचा फोन वाजायचा. तो आवाज आला की माझ्या पोटातल्या चिंध्या हलायच्या, कारण पलीकडे ती असायची. माझी आईच म्हणा ना!

"जेवलास का रे?"

"आई, मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो."

मीटिंग कसली नि काय कसलं! समोर नुसता स्क्रीन असायचा. नंतरचा फोनही कधी व्हायचा नाही. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचीच. एकदा काम चांगलंच तुंबलं होतं, त्यात फोन वाजला आणि गुरुजी खेकसले, "रोज रोज काय तेच तेच विचारतेस गं? दुसरं काही नाही का बोलायला?"

मग ती हळूच म्हणाली, "नाही रे, दुसरं काही नाही. कर तू काम."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती वेळ झाली की गुरुजी फोन उचलून बघायचे, आईचं नाव शोधायचे, अंगठा त्यावर धरायचे आणि फोन पालथा ठेवून द्यायचे. एवढ्या मोठ्या माणसाला आईला फोन करायची लाज वाटत होती. मला तर रडूच आलं असतं, पण बटणांना कुठलं पाणी येणार? सकाळी गोलात विचारलं की उत्तर तेच, "कुठेच नाही." असं पुष्कळ दिवस चाललं. आता हा तिला कायमचा दुरावतो की काय, अशी धास्ती मी घेतली होती.

त्या वेळी ते घरपोच लाँड्रीचं ॲप बनवत होते. कपडे धुऊन तयार झाले की ग्राहकाच्या फोनवर निरोप जायचा. लाँड्रीच्या मालकांना आता असं हवं होतं, की ग्राहकाला त्या निरोपाला उत्तरही देता यावं. हे काम गुरुजींकडे होतं. त्यांच्यासमोर स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक चाचणीची, तिच्यातून पाठवलेलं फक्त त्यांच्याच फोनवर यायचं. दुसरी खरी, तिच्यातून पाठवलेलं सगळ्या ग्राहकांना जायचं. दिसायला दोन्ही अगदी सारख्या. ताई पहिल्यापासून ओरडत होती, "अहो, एकीचा रंग तरी बदला!" गुरुजी म्हणायचे, "लक्ष असलं की रंग लागत नाही."

त्या दिवशी जेवायची वेळ झाली होती. मंडळी डबे घेऊन खिडकीजवळच्या लांब टेबलाकडे निघाली होती. गुरुजी चाचणीसाठी नेहमी 'चाचणी' एवढंच लिहायचे. पण त्या दिवशी त्यांची नजर आधी फोनकडे गेली, बोटं थांबली आणि मग त्यांनी लिहिलं: 'आई, जेवलीस का?'

आणि पाठवलं. त्यांचा फोन काही वाजला नाही. बडबड्याचा वाजला!

"अरेच्चा," तो डबा हातात धरून म्हणाला, "लाँड्री मला आई म्हणतेय."

मग ताईचा वाजला. मग पलीकडच्या खोलीतले फोन वाजायला लागले. गुरुजींनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. निरोप खऱ्या खिडकीतून गेला होता. साऱ्या शहराला!

कोणी हसलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुरुजींना गाढोबा कोण देणार? सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग गुरुजी स्वतःच उठले, बडबड्याच्या टेबलावरून मला उचललं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

तेवढ्यात लाँड्रीच्या मालकांचा फोन आला. ताईनं स्पीकर चालू केला.

"अहो, हे काय पाठवलंत? माझी बायको मला विचारतेय, ही आई कोण!"

"चूक झाली, साहेब," गुरुजी म्हणाले. "माझीच."

"लोक चिडलेत का?"

"नाही," ताई स्क्रीनकडे बघत म्हणाली. "उत्तरं देतायत."

"काय म्हणतायत?"

"जेवलो म्हणतायत."

"म्हणजे उत्तराचं काम चालू झालं म्हणायचं," मालक म्हणाले. "बरं, माफीचा निरोप पाठवा आणि पुन्हा असं करू नका. मीही जेवायला बसतो आता."

माफीचा निरोप गेला, तरी उत्तरं थांबेनात! मंडळी डबे तिथेच उघडून बसली आणि बडबड्या मोठ्यानं वाचू लागला. "'जेवले हो बाळा, तू पण जेवून घे.' 'मी आई नाही, काका आहे, पण जेवलो.' 'आधी माझे शर्ट आणून द्या, मग जेवतो.' 'कोण आहेस माहीत नाही, पण आज कोणी विचारलं नव्हतं, बरं वाटलं.'" हसून हसून ताईला ठसका लागला. गुरुजींच्याही ओठांच्या कडा हलल्या.

"आणि हे बघा," बडबड्यानं पुढचं वाचलं. "'जेवले. तू मीटिंगमध्ये असशील, म्हणून फोन करत नाही.' ही कोण आता?"

गुरुजी ताडकन उठले. ॲप नवं होतं तेव्हा ग्राहक कुठले मिळायला, म्हणून सगळ्यांनी आपले नाहीतर घरच्यांचे नंबर त्यात घातले होते. गुरुजींनी आईचा घातला होता, आणि हे ॲप लेकाचं आहे हे तिला ठाऊक होतं. तो तिथेच राहिला होता.

त्यांनी एका हातात फोन घेतला. दुसऱ्या हातात मी होतो, पण ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. आम्ही थेट जिन्यात गेलो.

"आई, मी मीटिंगमध्ये नाहीये."

"मग काय करतोयस?"

"जिन्यात उभा आहे. गाढोबाला घेऊन."

"अगंबाई! आहे अजून तो?"

"आहे की. आई, मी त्या दिवशी तुला टाकून बोललो. चुकलं माझं. तू विचारत जा गं रोज. मला आवडतं."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. "ते जाऊ दे रे," ती म्हणाली. "तू जेवलास का, ते सांग आधी."

"नाही अजून."

"बघ! म्हणून विचारावं लागतं."

गुरुजी जिन्यात एकटेच हसले आणि मग खाली पायरीवर बसून डोळे पुसायला लागले. कशानं? तर माझ्या स्टेपल केलेल्या कानानं! टोचलं चांगलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलात गुरुजींनी मला काखेत धरलं होतं. "माझं अडलं होतं," ते म्हणाले, "काल सुटलं. आणि हो, त्या खिडकीचा रंग लाल केलाय." ताईनं एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले.

रविवारी गुरुजी मला घेऊन आईच्या घरी गेले. आईनं माझा कान पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पिना मारल्या? माणसं आहात का कोण!" तिनं पिना काढल्या, सुईत दोरा ओवला आणि कान जागच्या जागी शिवला. मग पानं वाढली आणि आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा नोकरीवर आहे आणि बडबड्याकडेच आहे, हे काय सांगायला हवं? जुन्या खेळण्याचा कान तुटला तर जरूर शिवा, पण पिना मारू नका. आणि कोणी रोज तेच तेच विचारून तुमचं डोकं खात असेल, तर कामाच्या गडबडीतही त्याला उत्तर देत जा. मला काही भूक लागत नाही, माझ्या पोटात नुसत्या चिंध्या आहेत. पण त्या रविवारी लेकाचं पान वाढून झाल्यावर तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय गाढोबा, जेवलास का रे?" आणि या खेपेला जाड आवाज काढून उत्तर दिलं ते गुरुजींनी.